उद्योगनगरीतील घरदुरुस्ती : एक न लिहिलेला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. चाकणचे नाव निघाले की संग्रामदुर्ग आठवतो. १६६० मध्ये शाइस्ताखानाने या भुईकोटाला वेढा घातला, फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे दोन महिने लढवला आणि अखेर सुरुंगाने बुरूज उडाला, एवढे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आम्हीही ते वर्गात शिकवतो. पण ज्या माणसांनी याच परिसरात आपली राहती घरे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हातांनी डागडुजी करून उभी ठेवली, त्यांच्याविषयी पुस्तकात एक ओळ नाही. गळका पत्रा कोणी बसवला, पहिला नळ कोणी जोडला, दारापुढचा मेंदीचा झाड कोणी जगवला, याला आपण इतिहास मानत नाही. कारण ही कामे रोजची असतात आणि ती करणाऱ्यांच्या हाती बहुधा लेखणी नसते.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ‘डू इट युवरसेल्फ’ म्हणजे ‘तुमचे तुम्हीच करा’ अशी एक लाट आली. ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑगस्ट १९५४ मध्ये या छंदावर मुखपृष्ठकथा केली होती. तिकडे मध्यमवर्गीय माणूस सुट्टीच्या दिवशी गंमत म्हणून करवत हाती घेऊ लागला होता. योगायोग असा की त्याच १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला आणि आमच्या उद्योगनगरीचा पाया घातला गेला. इकडच्या माणसाने करवत हाती घेतली ती मात्र छंद म्हणून नव्हे. मिस्त्रीला द्यायला पैसे नव्हते आणि पावसाळा तोंडावर आला होता, म्हणून घेतली. हा फरक ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

गावगाड्यातले घर

कारखाने येण्यापूर्वी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चिखली ही साधी खेडी होती. घरे दगडमातीची, वर कौले किंवा धाब्याचे छप्पर. घरातील कामांची वाटणी ठरलेली असे. दार, चौकट, नांगर हे सुताराचे; विळा, कोयता, कडी-कोयंडा लोहाराचा; मडके कुंभाराचे. त्यांना वर्षाकाठी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे.

या वाटणीत आपल्या समाजाचे लोक जागोजागी होते. मुलाणी गावाच्या व्यवस्थेतच होता. पिंजारी किंवा नदाफ गादीचा कापूस पिंजून देत. शिकलगार सुऱ्या-कात्र्यांना धार लावत. कलईवाला भट्टी पेटवून पितळेची भांडी पांढरीशुभ्र करून देई. बागवान फळभाजीत, पखाली पाण्यात. या सर्वांचा धंदा नव्या वस्तू विकण्यापेक्षा जुनी वस्तू पुन्हा वापरायोग्य करण्यावर अधिक अवलंबून होता. आज ज्याला आपण दुरुस्ती म्हणतो, तो आपल्या कितीतरी घराण्यांचा पिढीजात उद्योग होता.

उरलेले काम घरच्यांचे. मृगाच्या आधी कौले चाळायची, म्हणजे उतरवून, फुटकी काढून पुन्हा रचायची. धाब्यावर मातीचा नवा थर द्यायचा. भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची. ईद तोंडावर आली की चुना भिजवायचा, त्यात थोडी नीळ घालायची आणि भिंतींना हात द्यायचा. यातली निम्म्याहून अधिक कामे बायकांची होती आणि त्यांना कोणी कारागीर म्हणत नसे.

हत्यारांची भाषा

या कामांचा सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे त्यांची भाषा. सुताराच्या पेटीत डोकावले तर दख्खनचा निम्मा इतिहास तेथे सापडतो. आमच्या उर्दू शाळेतला मुलगा ज्याला ‘रंदा’ म्हणतो, त्याला मराठी सुतार ‘रंधा’ म्हणतो. शब्द फारसीतून आलेला. काटकोन पाहायचा ‘गुण्या’ हा फारसीतला ‘गूनिया’. पेच फिरवायचा ‘पेचकस’ही फारसी वळणाचा. दाराला आपण ‘दरवाजा’ म्हणतो आणि त्याला ‘कुलूप’ लावतो. पहिला शब्द फारसी, दुसरा अरबी ‘कुफ्ल’वरून आलेला. त्याच कुलपाची ‘चावी’ मात्र पोर्तुगिजांकडून आली. ‘मिस्त्री’ आणि ‘बादली’ही त्यांचीच. ‘करवत’ आणि ‘खिळा’ संस्कृतातून उतरलेले. बाहेर पडलो तर ‘बाग’, ‘गुलाब’ आणि ‘कलम’ पुन्हा फारसी-अरबीच्या घरचे. एक दार बसवताना सुताराच्या तोंडी चार भाषा येतात आणि त्याला त्याचे काहीच वाटत नाही. मराठी मुसलमान म्हणजे कोण, याविषयी व्याख्याने देणाऱ्यांनी एकदा या पेटीशेजारी बसावे असे आम्हाला वाटते.

पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळी ही या हत्यारांची मोठी बाजारपेठ. नट-बोल्टपासून बिजागरीपर्यंत सर्व तेथे मिळते. नवे परवडत नसेल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारातून घेतलेले पाने-पकडी आमच्या भागातल्या अनेक घरांत आहेत.

कारखाने आणि गुरुवार

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्या दशकात आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या, टेल्कोचा कारखाना उभा राहू लागला, भोसरीत लहान उद्योगांचे गाळे निघाले. १९७० मध्ये चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि सोलापूरकडची माणसे आणली. पुढे खानदेश, विदर्भ, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार येथूनही लोक आले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सतरा लाखांच्या पुढे गेलेली होती.

या लोंढ्याबरोबर एक नवी गोष्ट घडली. गावात सुतार वेगळा आणि शेतकरी वेगळा होता. येथे ज्याने आयुष्यात विळ्याखेरीज हत्यार धरले नव्हते, तो आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर झाला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यांना उमेदवार घ्यावे लागत. तेथे त्याला घासणी कशी धरावी, माप कसे घ्यावे, आटे कसे पाडावेत हे शिकवले गेले. जात कोणतीही असो, धर्म कोणताही असो, मायक्रोमीटर सर्वांना एकच आकडा दाखवतो. हे कौशल्य संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी आले. पाट डुगडुगत असेल तर आता तो त्याच्याकडून पाहवत नसे.

विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे निरनिराळे वार ठरवून दिले गेले. आमच्या भागाच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे पिंपरी-चिंचवडमध्ये घरदुरुस्तीचा वार गुरुवार झाला. रविवारी पुण्यात राहणारा पाहुणा आला तर यजमान पाळीवर असे आणि गुरुवारी सगळ्या गल्लीत ठोकठोक चालू असे. जुम्याच्या आदल्या दिवशी घर आवरून होई, ही आपल्या लोकांची सोयच झाली.

सामान कोठून येई? परदेशातून आणि परगावाहून येणारी यंत्रे मोठमोठ्या लाकडी खोक्यांत येत. यंत्र बसले की खोके मोडून भंगारात निघे. त्या देवदार-पाइनच्या फळ्यांतून आमच्या भागात फडताळे, दिवाण, मुलांची अभ्यासाची मेजे आणि पोटमाळे झाले. आजही एखाद्या जुन्या घरातले फडताळ उलटे केले तर आतल्या बाजूस बाण आणि ‘ही बाजू वर’ अशा अर्थाची परदेशी अक्षरे दिसतात. तेलाची पिंपे कापून, ठोकून सपाट केली की त्याचे पत्रे होत. डालड्याचा डबा कुंडी होई.

दुकानातल्या काही वस्तूंनीही हे काम सोपे केले. १९५९ मध्ये फेविकॉल आले आणि सरस उकळत बसण्याची गरज उरली नाही. एशियन पेंट्स ही कंपनी १९४२ ची. तिच्या डब्यावरचा रंगाची बादली घेतलेला गट्टू हा पोरगा आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला. घरात रंगाचा डबा आला की मुलांना गट्टूच्याच तऱ्हेने ब्रश हाती धरायचा असे.

एक गुंठा जमीन, एक खोली

या भागातली सर्वांत मोठी घरगुती कारागिरी म्हणजे घर स्वतःच. १९७२ मध्ये कामगारांना वाजवी दरात घरे मिळावीत म्हणून नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याने आखीव पेठा केल्या, रुंद रस्ते केले. पण येणारी माणसे फार आणि मिळणारी घरे थोडी. मग कामगाराने शेतकऱ्याकडून अर्धा-एक गुंठा जमीन घेतली आणि आधी एक खोली बांधली, वर पत्रा टाकला. पत्र्यावर दगड ठेवले. बोनस मिळाला की शहाबादी फरशी, मुलीच्या लग्नाआधी गिलावा, भावाचे कुटुंब आले की जिना आणि वरची खोली. हे घर कधी ‘पूर्ण’ होत नसे. त्याच्या खांबांतून वर निघालेल्या लोखंडी सळ्या पुढच्या मजल्याची वाट पाहत वर्षानुवर्षे गंजत.

या बांधकामातला नेहमीचा पेच सिमेंटचा. तेव्हा सिमेंटचे वाटप आणि भाव सरकारच्या ताब्यात होते. ते परवान्यावर मिळे, नाहीतर काळ्या बाजारात. हे सिमेंट महाराष्ट्राच्या राजकारणातही शिरले. राज्याचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री, रायगडातल्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले यांना सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले आणि १९८९ मध्ये पूर्णतः. त्या प्रकरणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण पाच-सहा पोती सिमेंटसाठी खेटे घालणारा आणि नाइलाजाने मातीत विटा रचणारा कामगार त्या लिखाणात क्वचितच दिसतो. १९८९ नंतर आमच्या भागात पत्रे उतरून स्लॅब पडू लागले, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

ही घरे बहुतेक विनापरवाना होती. १९९७ मध्ये चिखली, तळवडे, मोशी अशी अठरा गावे महापालिकेत आली आणि गावठाणाबाहेरची हजारो घरे एकाएकी ‘अनधिकृत’ या सदरात गेली. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. मात्र २००८ नंतरच्या अनधिकृत घरांवर दंडाचा शास्तीकर बसला आणि मूळ करापेक्षा दंड मोठा अशी पावती घरोघर येऊ लागली. २०२३ मध्ये शासनाने ही थकबाकी माफ केली. तोवर पंधरा वर्षे माणसे स्वतःच्या हाताने बांधलेल्या भिंतीत दोषी असल्यासारखी राहिली. नियम हवेत याबद्दल आमचा वाद नाही. अरुंद गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरत नाही हे आम्ही पाहतो. पण शहराला कामगार हवा होता आणि त्याचे घर नको होते, ही गोष्टही नोंदवून ठेवली पाहिजे.

पाणी, वीज आणि चार कुंड्या

घरातले दुसरे रोजचे काम नळाचे. पवना धरणाचे पाणी या शहराला मिळाले आणि सार्वजनिक नळकोंडाळ्यावरची रांग हळूहळू घरात आली. सुरुवातीचे नळ लोखंडी पाइपांचे. आट्यांवर सुतळी गुंडाळायची, वर सफेदा लावायचा आणि पाइप पान्याने आवळायचे. पुढे टेफ्लॉनची पट्टी आली, प्लॅस्टिकचे पाइप आले आणि सोल्यूशन लावून ते कोणीही जोडू लागला. ठिबकणाऱ्या नळाचा वॉशर, ज्याला आमच्याकडे सर्रास ‘वायसर’ म्हणतात, तो सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून घेण्याची युक्ती घरोघरी होती. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. तेव्हापासून टाकी, बॉलकॉक आणि मोटार यांची थोडीफार माहिती प्रत्येक घराला ठेवावी लागली. या पाण्यामागे मावळच्या शेतकऱ्यांचेही दुःख आहे. बंद जलवाहिनीच्या विरोधातील आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. गळका नळ दुरुस्त करताना त्यांची आठवण ठेवणे अवघड नाही.

विजेची गोष्ट निराळी. फ्यूजची तार बांधणे, ट्यूबचा स्टार्टर बदलणे, एवढी कामे घरातला कोणीही करी. पण एका मीटरवरून तीन खोल्यांना ओढलेली वायर आणि अर्थिंगचा पत्ता नाही, असेही आम्ही पुष्कळ पाहिले. वीज नियमांनुसार नवी जोडणी परवानाधारकानेच करायची असते. तो नियम केवळ कागदी नाही. घरच्या कारागिरीचे कौतुक करताना पावसात पत्र्यावरून पडलेले आणि मोटारीचा धक्का बसून गेलेले लोकही या इतिहासात आहेत, हे विसरता येत नाही. गरिबीने माणसाला जसे कुशल केले तसेच धोक्याजवळही नेले.

राहिली बाग. प्राधिकरणाच्या बंगल्यांपुढे आणि मोठ्या कारखान्यांच्या वसाहतींत फुलबागा होत्या. गुंठ्यातल्या घराला अंगण कुठले? मग उंबऱ्याजवळ, जिन्यावर, गच्चीवर डबे आले. पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, मोगरा आणि एका कोपऱ्यात मेंदी. हिंदू शेजाऱ्याच्या डब्यात तुळस आणि आपल्याकडे मेंदी. पाणी मात्र दोघांचे एकमेकांच्या सुट्टीत एकमेकांकडून घातले जाई. बाबराने आपल्या आठवणींत बागांविषयी किती जिव्हाळ्याने लिहिले, हे उर्दूच्या शिक्षकाला सांगावे लागत नाही. चारबागेचे कालवे आणि डालड्याच्या डब्याला खिळ्याने पाडलेले भोक यांत अंतर फार मोठे. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो, मुळांना पाणी मिळावे आणि साचू नये.

हाताचे शिक्षण

आता आमच्या पेशाकडे वळतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तेथे मूलोद्योगी शिक्षणाची, म्हणजे हस्तोद्योगाच्या मध्यस्थीने सर्व विषय शिकवण्याची कल्पना मांडली गेली. तिचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. हाताने काम करणाऱ्या मुलाचे डोकेही चालते, असे म्हणणारा हा विद्वान आपला होता. आपल्या शाळांत त्यांची तसबीर असते, त्यांचा तो अहवाल मात्र क्वचित आढळतो.

पुढे कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या काळात ‘कार्यानुभव’ सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव दिले. वेळापत्रकात तास आला. बहुतेक ठिकाणी त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पुरा होऊ लागला. अपवाद आहेत आणि एक मोठा अपवाद चाकणपासून फार दूर नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले तेथे सुतारकाम, वेल्डिंग, वायरिंग, शेती शिकत आणि त्यातून विज्ञान समजून घेत. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या साहाय्याने तेथे ‘फॅब लॅब’ ही अद्ययावत कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या पहिल्यांपैकी ती एक. याच पाबळला मस्तानीची कबर आहे. लोक कबर पाहून परत येतात. शिक्षकांनी थोडे पुढे जाऊन आश्रमही पाहावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तराविना दिवस’ सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे १९३७ ची गोष्ट फिरून दारात आली आहे.

पंक्चरवाला

ती दारात आली तेव्हा आपल्या घरात काय चालले आहे? आम्ही आठवीच्या वर्गाला एक गृहपाठ देत असतो. घरातील कोणती वस्तू घरच्याच माणसाने दुरुस्त केली, कशी केली, हे लिहून आणायचे. उत्तरे वाचण्यासारखी असतात. एकीच्या अम्मीने कुकरचे हँडल बसवलेले असते, दुसरीच्या दादीने माठाला पडलेली चीर सिमेंटने बुजवलेली असते. मुलींच्या वह्या अधिक भरलेल्या येतात. पुरुष पाळीवर असताना घर त्याच चालवतात. पण काही मुले कोरी वही देतात. चौकशी केल्यावर कळते की वडील फिटर आहेत, फर्निचरचे काम करतात किंवा टायरचे दुकान चालवतात. ज्या घरात सर्वाधिक हत्यारे, त्याच घरातल्या मुलाला काही लिहावेसे वाटत नाही.

कारण उघड आहे. ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्या समाजाला उद्देशून शिवीसारखा वापरला जातो आणि मुलाच्या हातातल्या मोबाइलवर तो रोज येतो. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की आपणही तो वापरतो. ‘शिकला नाहीस तर पंक्चर काढत बसशील’ असे वाक्य आपल्याच घरात, आपल्याच शाळेत ऐकू येते. मुलाने डॉक्टर-इंजिनिअर व्हावे ही इच्छा रास्तच आहे. पण बापाच्या हाताची लाज वाटायला लावून दिलेले शिक्षण त्याला कोठे नेणार? हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली रिवायत आपण जलशांतून ऐकतो, की प्रेषित (स.) घरात असताना स्वतःची पादत्राणे सांधत, कपड्यांना ठिगळ लावत आणि घरच्यांच्या कामात हात देत. हजरत जकरिया (अ.) सुतार होते, हेही हदीसमध्ये आले आहे. जलसा संपला की आपण त्याच संध्याकाळी मिस्त्रीला ‘ए’ म्हणून हाक मारतो.

दरम्यान बाजार बदलला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या आणि आता अर्बन कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायाने मोबाइलवरून नळवाला आणि सुतार बोलावण्याची सोय केली. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांचे कारखाने आले, भोवती उंच इमारती आल्या. त्या घरांतल्या माणसांना वॉशर बदलायला सवड नाही. ते बोलावतात आणि येणारा तरुण अनेकदा आपलाच असतो. त्याच्या कामाला तेथे दर आहे, गुणांकन आहे. फक्त त्याने हे काम कोठे शिकले हे कोणी विचारत नाही.

तो कोठे शिकला? बऱ्याचदा भंगाराच्या दुकानात. चिखलीतील कुदळवाडी हा या भागातला भंगाराचा मोठा बाजार होता. जुनी दारे, पॅकिंगचे लाकूड, पत्रे, लोखंडी अँगल तेथे मिळत आणि गुंठ्यातल्या घरांना त्यांचा मोठा आधार असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील चार हजारांहून अधिक बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली. तेथे वारंवार आगी लागत, धुराचा त्रास होई, रस्त्यांची आरक्षणे अडली होती, ही प्रशासनाची बाजू खोटी नाही. पण त्यांत आपल्या समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते, परप्रांतातून आलेले मजूर होते आणि त्यांच्यासाठी पर्यायी जागा आधी तयार झालेली नव्हती. एक बाजार उठला म्हणजे दुकाने गेली एवढेच होत नाही. जुन्या वस्तूची पारख करणारे डोळे आणि ती सुधारणारे हातही विखुरतात.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. ज्या पिढीने १९७० च्या दशकात येथे पहिली खोली बांधली, ती आता सत्तरीपुढे गेली आहे. त्यांच्याजवळ बसावे. पहिला पत्रा कितीला आणला, सिमेंटचा परवाना कसा मिळाला, खोक्याच्या फळ्या कोणी दिल्या, हे विचारून वहीत उतरवावे. हत्यारांची नावे उर्दूत आणि मराठीत शेजारी शेजारी लिहावीत. उर्दू शाळांनी दप्तराविना दहा दिवसांत एक दिवस वस्तीतल्या मिस्त्रीला, एक दिवस टायरवाल्याला आणि एक दिवस कोणा खालाजानला गच्चीवरच्या कुंड्यांविषयी बोलायला बोलवावे. त्यांना मुख्याध्यापकांच्या शेजारी खुर्ची द्यावी आणि फलकावर नावापुढे ‘जनाब’ आणि ‘मोहतरमा’ लिहावे. मग पुढच्या वर्षी आठवीच्या वह्या पाहाव्यात. कोरी वही किती मुले देतात ते आपल्याला कळेल.